वडिलांसाठी खुर्ची

आमचे घरमालक काका दारात कुणीही आलं की दोन खुर्च्या ओढायचे. एक आलेल्या माणसासाठी आणि दुसरी त्याच्या वडिलांसाठी. वडील पानिपतात असोत, मिरजेत असोत, नाहीतर वारलेले असोत, काकांना त्याने काही फरक पडायचा नाही. खुर्ची मांडायची, खांद्यावरच्या फडक्याने ती झटकायची आणि तिच्याकडे बघून 'बसा' म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. गॅसचं सिलिंडर घेऊन येणाऱ्याचीसुद्धा यातून सुटका नव्हती. तो बिचारा सिलिंडर टाकून पळायच्या बेतात असायचा आणि हे त्याच्या वडिलांना चहा घेता का विचारत असायचे.

मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मिरजेची. एम.कॉम. करून दिल्लीत आलेली, वर्किंग वुमेन्स हॉस्टेलात कशीबशी तगलेली. रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात वरणभात खायला जायचे. तिथल्या कँटीनच्या मॅनेजरने हा पत्ता दिला होता. गुडगावला एक रिटायर्ड मराठी गृहस्थ एकटे राहतात, गच्चीवरची खोली स्वस्तात देतात, म्हणाला. 'जरा वेगळे आहेत' असंही म्हणाला होता. पण दिल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाबद्दल दुसरा मराठी माणूस मला हेच सांगत आला होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

तेव्हाचं गुडगाव म्हणजे नकाशात असलेलं आणि जमिनीवर नसलेलं गाव होतं. सेक्टरला नंबर मिळाले होते. रस्ते आखून झाले होते, खांब उभे होते, खांबांवर दिवे नव्हते. प्लॉटच्या चारी कोपऱ्यांना दगड आणि मधे कुणीतरी अजून पेरत असलेली मोहरी. त्या आख्ख्या गल्लीत काकांचं एकच घर होतं. जानेवारीतली सकाळ, अकरा वाजून गेले तरी धुकं हललं नव्हतं, आणि बसस्टॉपपासून तिथवर मला एक माणूस भेटला नाही. मी बेल वाजवली. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, बराच वेळ, आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यांनाही आत बोलवा. बाहेर थंडी आहे."

मी वळून पाहिलं. रस्ता, धुकं, आणि खांबापाशी बसलेलं एक कुत्रं. मी एकटीच आलेय, असं मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले, आणि तरी दोन खुर्च्या ओढल्या. एक टेबलाशी, माझ्यासाठी. दुसरी अगदी दाराला लागून. ही अशी का, असं विचारल्यावर म्हणाले की त्यांना तिथेच बरं वाटेल. मग आलं घालून चहा केला, दोन कप. दुसरा कप दारापाशी स्टुलावर ठेवला. त्याच्यावर साय धरेपर्यंत आम्ही भाड्याचं बोललो. मी निघाल्यावर त्यांनी तो चहा फाटकाबाहेरच्या कीकराच्या, म्हणजे बाभळीच्या, बुंध्याशी ओतला.

शहाण्या मुलीने तिथूनच काढता पाय घेतला असता. पण माझं ऑफिस गुडगावला हलणार होतं आणि माझ्या पगारात दुसरीकडे खोली मिळत नव्हती. शिवाय माणूस वेडा असला तरी सज्जन दिसत होता. आणि खरं सांगायचं तर दिल्लीत महिनोनमहिने 'मॅडम' आणि 'ओये' ऐकल्यावर कुणीतरी मराठीत चहा विचारला, यातच मी विरघळले.

काकांचं उभं आयुष्य सरकारी नोकरभरतीच्या एका कार्यालयात गेलं होतं. सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, पण काम दाराचं. मुलाखतीला आलेल्यांची सर्टिफिकिटं तपासायची, नाव पुकारायचं, दार उघडून आत सोडायचं, आणि बाहेर आला की पुढचा. घरीसुद्धा ती सवय सुटली नव्हती. मी त्यांच्यासमोरून आत गेले तरी दार लगेच सोडत नसत; मागून आणखी कुणी यायचं असल्यासारखे ते थोडं धरून ठेवत आणि मगच लावत. जिन्यात माझ्या बाजूने जाताना माझ्या मागे असलेल्या कुणाला तरी धक्का लागू नये म्हणून भिंतीला अंग चोरत. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे संध्याकाळी जिना चढताना मी मागे बघेनाशी झाले.

बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे की काय कोण जाणे, दुसऱ्यांच्या आईबापांविषयी ते घरच्यासारखं बोलत. त्यांचं म्हणणं असं की मुलाखतीला एकाचंच नाव पुकारलं तरी दारातून दोघं शिरतात. काहींचे वडील मुलाच्या पुढे चालत आत जातात आणि बोर्डाच्या साहेबांसमोर ऐसपैस बसतात. अशांचं काम झालेलंच असतं. काहींचे वडील दाराशीच उभे राहतात, मग पोरगं उत्तर देतादेता सारखं मागे बघतं. मार्क सारखे, डिग्री सारखी, पण आतून येतात ते वेगवेगळे होऊन येतात. हे सगळं ते मटार सोलता सोलता सांगत. मी म्हणायचे, काका, ते तुमचं सरकारी जग झालं, आता देश खुला झालाय, नव्या कंपन्यांत कुणाचा बाप कोण ते कोण विचारतं? त्यावर म्हणाले होते, "विचारत नाहीत, बिल्कुल खरं. पण येतात ते येतातच."

एकदा त्यांना विचारलं, तुमच्यामागे कोण उभं आहे? एकदम हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागले. स्वतःच्या मागचं स्वतःला दिसत नाही म्हणाले, आणि मग अगदी आशेने विचारलं, "तुम्हाला काही दिसतं का, बेटा?" मी खरोखर नीट पाहिलं. मागे भिंत होती, कॅलेंडर होतं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. खोटं का बोलले नाही, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

आता कुणी म्हणेल, एकाकी म्हाताऱ्याच्या डोक्यात भरलेलं खूळ. मीही तेच म्हणत होते. पण माझ्याबरोबर त्याच दिवशी कंपनीत लागलेला एक सहकारी होता. एकच डिग्री, एकच टेबल. त्याचे वडील कुठल्याशा मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर. एका रविवारी त्याने मला गाडीने घरी सोडलं आणि काकांनी त्याला आत बोलावलं. त्याच्यामागे पाहून ते लगबगीने आतल्या खोलीतली वेताची आरामखुर्ची घेऊन आले, ती बैठकीच्या मधोमध मांडली, आणि खुर्चीला म्हणाले, "छड़ी इधर दे दीजिए, कोने में रख देता हूँ." सहकाऱ्याचं हसणं तिथल्या तिथे बंद झालं. चहा अर्धा टाकून तो उठला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला बाजूला घेऊन विचारायला लागला, त्यांना तू सांगितलंस का? त्याचे वडील महिनाभरापूर्वी बाथरूममध्ये पडले होते आणि तेव्हापासून काठी घेऊन चालत होते. ऑफिसात त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला कुठून माहीत असणार!

त्याच सहकाऱ्याचा पगार माझ्या तिप्पट आहे हे मला वर्षभराने कळलं, तेही त्याच्याच तोंडून, गप्पांच्या ओघात. आम्हा दोघांना एकाच माणसाने एकच प्रश्न विचारला होता: पगाराची अपेक्षा काय? मी आदली रात्रभर विचार करून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पगाराच्या दुप्पट आकडा सांगितला होता. सांगताना जीभ जड झाली होती. वाटलं होतं, आपण फारच तोंड वासलं, आता हाकलून देतील. साहेब ताबडतोब 'ठीक है' म्हणाले, तेव्हा मी मनात देवाला नारळसुद्धा बोलले. आणि या पठ्ठ्याने घड्याळात बघत बघत त्याला जो आकडा सुचला तो सांगितला होता.

घरी येऊन मी डोक्यात राख घालून काकांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की तो आकडा मी सांगितलेलाच नव्हता. आणि दारालगतच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांनी सांगितला."

मी भडकले. माझ्या वडिलांना यात ओढायचं काम नाही, असं चांगलं सुनावलं. काका दुखावल्यासारखे झाले. "मी कशाला ओढू? ते आपले किल्ल्या चाळवत उभेच आहेत."

अण्णा शाळेत शिपाई होते. सकाळी सगळे वर्ग उघडायचे, घंटा द्यायची, संध्याकाळी कुलपं लावायची. कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा. साहेबलोकांसमोर उभं राहायची वेळ आली की ते अंगठ्याने त्या किल्ल्या एकेक करून चाळवायचे; त्यांना स्वतःलाही ते कळत नसे. दिल्लीत मी सगळ्यांना 'वडील शाळेत आहेत' एवढंच सांगायचे आणि लोक मास्तर समजायचे. किल्ल्यांचं मी या शहरात कुणापाशीही बोललेले नव्हते.

त्यानंतर मला त्या ऐकू यायला लागल्या. मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलं की मागून, दाराच्या बाजूने, बारीक खुळखुळ. पगारवाढीचं बोलायचं ठरवून आत जायचे आणि 'सर, फाईल ठेवलीय' म्हणून परत यायचे. एकदा धीर करून वळून पाहिलं तर दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की भीती आपल्याच बापाची वाटतेय.

जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा बारावीचा निकाल लागला. हुशार पोरगी, इंजिनिअरिंगला जायचं म्हणत होती. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं आणि खाजगी कॉलेजची फी अण्णांच्या आवाक्याबाहेरची होती. पुढच्या वर्षी ते रिटायर होणार होते. मी एसटीडी बूथवरून फोन केला तेव्हा म्हणाले, "असू दे की. डी.एड. करंल. बालवाडीत तरी लागंल." धाकटी फोनवर आलीच नाही. मागे तिचं रडणं मात्र ऐकू येत होतं. तेव्हाच नव्या काचेच्या इमारतीतल्या एका परदेशी कंपनीतून मला मुलाखतीचं बोलावणं आलेलं होतं. पुन्हा तोच प्रश्न येणार होता. मी योग्य आकडा सांगितला तर धाकटी इंजिनिअर होणार, आणि अण्णांच्या दुप्पट सांगितला तर बालवाडीत जाणार, इतकी सरळ गोष्ट होती.

काकांनी माझी तयारी करून घेतली. ते साहेब, मी उमेदवार. बाकी सगळी उत्तरं खणखणीत. पगाराची अपेक्षा विचारली की मी ठरलेल्या आकड्याला सुरुवात करायची आणि तो तोंडातून बाहेर पडेपर्यंत निम्मा व्हायचा. पुन्हा विचारायचे, पुन्हा निम्मा. शेवटी काका वैतागले. आधी त्यांना बसवा म्हणाले. मी म्हटलं, ते बसत नाहीत काका, हेडमास्तरांसमोर ते जन्मात कधी बसले नाहीत. काका दाराकडे बघत म्हणाले, "असं करा. उद्या त्यांना इथे ठेवून जा. मी कुणाच्याच मागे उभा नाही. माझ्याकडे जागा आहे."

मी हो म्हटलं. तेव्हा ते मला मुळीच वेडेपणाचं वाटलं नाही.

सकाळी मी निघाले तेव्हा काका फाटकाशी उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी मी बाहेर पडल्याबरोबर फाटक लावलं, कडी घातली, आणि आत वळून कुणाशी तरी हळूहळू बोलत व्हरांड्याकडे गेले. मी चालायला लागले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते सुखाचं होतं असंही नाही. पाठ उघडी पडल्यासारखं वाटत होतं. मुलाखतीत तीन जण होते. प्रश्न आला. मी थांबले, कान दिला. किल्ल्या नव्हत्या, काहीच नव्हतं. मी आकडा सांगितला, ठरवलेल्याहूनही वरचा, आणि समोरच्या बाई ते लिहून घेऊन पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. दुपारी बाहेर सोफ्यावर बसवून ठेवलं आणि पत्र हातात दिलं.

परतताना धुळीचं वादळ आलं. उत्तरेतलं ते पिवळं वादळ, भर दिवसा अंधार करणारं. बसमधून उतरले तेव्हा ते ओसरलं होतं आणि सगळ्या सेक्टरवर धुळीचा थर होता. काका व्हरांड्यात बसले होते, त्यांचे केससुद्धा पिवळे झाले होते. फरशी, टेबल, कठडा, सगळ्यावर धूळ. दुसरी खुर्ची दाराशी नव्हती, काकांच्या खुर्चीच्या शेजारी होती. तिच्या बैठकीवर धुळीचा कण नव्हता. आणि तिच्यापुढे फरशीवर पावलांएवढ्या दोन जागा स्वच्छ होत्या.

काकांनीच पुसलं असेल, फडकं त्यांच्या खांद्यावर होतंच, असं मी स्वतःला सांगितलं. मला ते अजूनही सांगावं लागतं. मी विचारलं, अण्णा कुठायत? काका जरा गोंधळलेले दिसले. "दुपारी बसले. छान बसले हो. मग घंटा झाली म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, तुमच्याकडेच आले असतील."

मी तशीच बूथवर गेले. शाळेतला फोन अण्णांनीच उचलला. आवाज जडावलेला होता. कधी नव्हे ते आज दुपारी ऑफिसातल्या खुर्चीत टेकलो आणि डोळा लागला म्हणाले. हेडमास्तर येऊन गेले तरी कळलं नाही, तासाची घंटासुद्धा पोरांनी दिली. मी त्यांना म्हटलं, धाकटीला कॉलेजात घाला, फी मी भरते. पगाराचा आकडा सांगितला. मग अण्णा, मला जन्मभर 'काय गं ए' म्हणणारे अण्णा, अगदी सांभाळून म्हणाले, "बरं. जेवलात का तुम्ही?"

मी हसले. ते हसले नाहीत.

धाकटी इंजिनिअर झाली, पुण्यात आहे, मला मागे टाकेल एवढं कमावते. आई गेल्यावर मी अण्णांना गुडगावला आणलं. आणल्या आणल्या काकांकडे घेऊन गेले. तेव्हा मी त्यांची खोली सोडून स्वतःचा फ्लॅट घेतला होता. काकांनी दार उघडलं, नेहमीसारखं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि एकच खुर्ची ओढली. मग शेजारी उभ्या असलेल्या जित्याजागत्या अण्णांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते खजील होऊन दुसरी आणायला धावले. आपण पहिल्यांदाच येताय ना, असं अण्णांना म्हणाले. या माणसाला त्यांनी खरोखर आधी पाहिलेलं नव्हतं. अण्णा बसले नाहीत. मी बसले होते ना, हेडमास्तरांच्या जागी. दाराला खांदा लावून उभे राहिले आणि काका कितीदा बसा म्हणाले तरी असू दे, असू दे करत राहिले.

निघताना काका फाटकापर्यंत आले आणि अण्णा पुढे गेल्यावर माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते. "त्या मुलाखतीच्या दिवशी मी ठेवून घेतलं नाही हो त्यांना," म्हणाले. "खरंच नाही, बेटा. मी शोधलं पुष्कळ."

त्यानंतरच्या हिवाळ्यात काका गेले. सेक्टरमध्ये तोवर दिवे आले होते.

अण्णा अजून माझ्याकडे असतात. आता ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात. दिवसभर सोफ्यावर बसून टीव्ही बघतात, असं कामवाली सांगते. मी ते कधी पाहिलेलं नाही. मी घरात आले की ते उठतात. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत, पण उठतात, आणि मी आतल्या खोलीत जाईपर्यंत भिंतीशी उभे राहतात. मी रागावून पाहिलं, विनवण्या केल्या, एकदा तर रडले. "असू दे," म्हणतात, "तुम्ही बसा." मी टेबलाशी बसले तर त्यांचं ताट तसंच राहतं. म्हणून हल्ली मी बसत नाही. ऑफिसातून आले की स्वयंपाकघरात जाते, दोघांची ताटं ओट्यावर वाढते, आणि आम्ही दोघं उभ्याउभ्याच जेवतो.